श्रीनिवास खळे : शब्दांची वाट पाहणारा संगीतकार



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा संयोजकांची अपेक्षा मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठी साहित्यावर बोलावे अशी असावी. आयुष्यभर मी मराठीच शिकवली. त्यामुळे ती अपेक्षा स्वाभाविक होती. पण मी विषय कळवला तो श्रीनिवास खळे यांचा. ‘सर, संगीतकारावर?’ असा प्रश्न दूरध्वनीवर ऐकू आला. प्रश्न रास्त आहे. मला गायन येत नाही. रागांची नावे सांगण्याच्या परीक्षेत मी नापास होईन. तरीही हा विषय मी निवडला, याला कारण गुरुजीच आहेत.

माझ्या पिढीतल्या मंडळींना गुरुजींच्या पडवीतला रेडिओ आठवत असेल. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा, तापून बोलू लागायला मिनिटभर लावणारा. कौलांवरून बांबूला बांधलेली एरिअलची तार खाली आलेली होती. धारवाड केंद्र १९५० पासूनचे आणि जवळचे, त्यामुळे ते खणखणीत लागे. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले होते, पण ते रुसत-फुगत येई. मुंबई तर समुद्रापलीकडून बोलावे तशी. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाले आणि आमची पुष्कळ सोय झाली. तोवर मात्र गुरुजींनी रेडिओच्या काचेवर पेन्सिलीने दोन बारीक खुणा करून ठेवल्या होत्या. एक पुण्याची आणि एक मुंबईची. काटा त्या खुणेवर आणायचा आणि श्वास रोखून बसायचे. त्यात सांबऱ्याचा विमानतळ शेजारी. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी याच धावपट्टीवरून हवाई दलाची विमाने उडत होती. एकीकडे बातम्या ऐकायच्या म्हणून सारा गाव पडवीत जमलेला, आणि दुसरीकडे ज्यांच्या बातम्या ऐकायच्या तीच विमाने डोक्यावरून जाऊन काही ऐकू देत नव्हती, असा तो प्रकार होता.

गुरुजींनी या रेडिओचा उपयोग शुद्धलेखनासाठी केला. गाणे एकदाच लागणार, पुन्हा कधी लागेल याचा नेम नाही. म्हणून ते आम्हां चार मुलांना पाट्या घेऊन बसवीत आणि प्रत्येकाला एकेक ओळ वाटून देत. पहिली ओळ एकाने लिहायची, दुसरी दुसऱ्याने. गाणे संपले की चार पाट्या शेजारी ठेवून पद सिद्ध व्हायचे. कित्येक गाण्यांच्या पाट्यांवर नुसती भोके राहत. गायक शब्द गिळत, वाद्ये शब्दांवर चढत, आणि चालीच्या ओढीत ऱ्हस्व-दीर्घाचा चुराडा होई. पण काही गाणी अशी होती की चारही पाट्या भरून येत. मग आकाशवाणीचे निवेदक नावे सांगत. कवीचे नाव वेगळे, गायकाचे वेगळे, पण संगीतकाराचे नाव पुन्हा पुन्हा तेच. श्रीनिवास खळे. गुरुजी म्हणत, ‘या माणसाला शब्द ऐकू येतात.’ आज जे काही सांगणार आहे ते या एका वाक्याच्या आधाराने.

खळे यांचा जन्म ३० एप्रिल १९२६ रोजी मुंबईचा. परंतु त्यांचे बालपण आणि संगीतातील घडण बडोद्याची. ही गोष्ट चरित्रपर लेखांतून एका ओळीत उरकली जाते. मला मात्र तीच महत्त्वाची वाटते, आणि या गावात बसून तर फारच. बडोदा म्हणजे गुजराती मुलखातले मराठी राज्य. सयाजीराव महाराजांनी १८७५ ते १९३९ या प्रदीर्घ कारकिर्दीत तिथे ग्रंथालये उभी केली, मराठीतून ग्रंथ प्रसिद्ध करविले, १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ त्याच दरबारचे. घरात मराठी, बाजारात गुजराती, गायनशाळेत हिंदुस्थानी, अशा तीन भाषांच्या हवेत हा मुलगा वाढला. ज्याच्या भोवती चोवीस तास एकच भाषा बोलली जाते, त्याला तिचा ध्वनी ऐकू येईनासा होतो. ती अंगावरच्या सदऱ्यासारखी होते. उंबऱ्याबाहेर पडताच भाषा बदलावी लागते, तेव्हा घरच्या शब्दाचा नाद वेगळा ऐकू येऊ लागतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारी आपण माणसे आहोत. ते आपल्याला सांगायला नको.

आणखी एक योगायोग पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले, त्याच दिवशी खळ्यांचे बडोदे गुजरातेत गेले. त्या महाराष्ट्राच्या गौरवाचे राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत, शाहीर साबळे यांच्या बुलंद आवाजातले, त्याची चाल खळे यांचीच. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले. ज्याचे बालपणीचे गाव नकाशात पलीकडे गेले, त्याने अलीकडच्या राज्याला सूर दिला. या गीतात नद्यांची नावे येतात. त्यांतली कृष्णा आपल्या चिकोडी-अथणीच्या शेतांतूनही वाहते. त्या गीताविषयी आपल्या भागात कोणत्या भावना आहेत हे या सभागृहात मी सांगण्याचे कारण नाही, आणि त्या वादावर बोलण्याचे हे व्यासपीठही नाही. गीताच्या बांधणीविषयी एवढेच म्हणतो की, शाहिरी आवेशाचे गीत असूनही त्यातला एक शब्दसुद्धा आवेशात वाहून जात नाही. आमच्या पाट्यांवर तेही पूर्ण उतरले होते.

मुंबईत आल्यावर खळ्यांनी के. दत्ता, म्हणजे दत्ता कोरगावकर, यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केले. दिवस ओढगस्तीचे होते. चित्रपटाचे पहिले मोठे काम मिळाले ते ‘लक्ष्मीपूजन’चे, आणि गीतकार ग. दि. माडगूळकर. चाली झाल्या, पण ती गाणी चित्रपटात आलीच नाहीत. उमेदीच्या वयातल्या माणसाला हा घाव मोठा. पुढे १९५२ मध्ये त्यांतली दोन गाणी आशाताईंच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली. एक दादाला वहिनी आणण्याचे साकडे घालणारे ‘गोरी गोरी पान’ आणि दुसरे तळ्यातल्या बदकांचे. ज्या चित्रपटातून ती वगळली तो चित्रपट आज कोणाला आठवत नाही; आणि ही दोन गाणी येत नाहीत असे मूल या शाळेत नसेल. बदकांच्या गाण्याचे मूळ डेन्मार्कच्या हान्स अँडरसनच्या कथेत आहे, पण ते ऐकताना तळे मात्र आपल्याच शिवारातले वाटते. त्यात माडगूळकरांचा वाटा आहेच, चालीचाही आहे. लहान मुलासाठी चाल करायची म्हणजे शब्द तोडून उड्या मारायला लावायच्या, अशी एक समजूत असते. खळ्यांनी त्या कुरूप पिलाचे दुःख गंभीरपणे घेतले. चाल सोपी आहे, पण उथळ नाही.

चित्रपट त्यांनी एकूण जेमतेम अर्धा डझन केले. त्यांतील ‘जिव्हाळा’ या १९६८ च्या चित्रपटातील लताबाईंचे चिमण्यांना घरी बोलावणारे गीत ज्याला माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. पण चित्रपट हे त्यांचे घर नव्हते. घर होते आकाशवाणी.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण आजच्या मुलांना रेडिओ म्हणजे मोटारीत वाजणारी बडबड एवढेच माहीत आहे. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले आणि पुढची दहा वर्षे त्या पदावर होते. पुण्याचा हा विद्वान, संगीताचा मर्मज्ञ आणि मतांचा करडा. चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात असे त्यांचे ठाम मत. त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविधभारती काढून सरकारला चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडावे लागले. केसकरांची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि ती त्यांनी ओढवून घेतली होती. पण त्या हट्टाचे एक फळ गोड निघाले. चित्रपटगीतांची जागा भरण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवींना बोलावणी गेली, संगीतकारांना नेमणुका मिळाल्या. गल्ल्याची चिंता नाही, नायक-नायिकेचा प्रसंग नाही. एक कविता, एक आवाज, चार वाद्ये आणि जेमतेम काही मिनिटांचा अवधी. मराठी भावगीत गजाननराव वाटव्यांच्या काळापासून मैफलीत होतेच. त्याला रोजचे घर मिळाले ते इथे. मुंबई केंद्रावर यशवंत देव, खळे, आणि कवी मंगेश पाडगावकर एकाच छताखाली वावरत होते. ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांतून नवी गाणी घडत होती.

दुसरी एक बंदी याहून चमत्कारिक होती आणि ती आपल्या भजनी मंडळांना कळली असती तर त्यांनी केंद्रावर मोर्चा नेला असता. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता! युरोपातून आलेले हे वाद्य. त्याच्या ठराविक पट्ट्यांत आपल्या श्रुती आणि मींड बसत नाहीत, असा आक्षेप. रवींद्रनाथांनीही त्या मताला पाठिंबा दिला होता. १९७१ नंतर ती बंदी हळूहळू सैल झाली. म्हणजे आपल्याकडे देवळात पेटीवाचून अभंगाला तोंड फुटत नाही, आणि रेडिओवरचा अभंग पेटीवाचून गायला जात होता. या बंदीचे समर्थन मी करत नाही. पेटीने खेड्यापाड्यांत गाणे जिवंत ठेवले आहे. पण पेटी नाही म्हटल्यावर सतार, बासरी, सारंगी, व्हायोलिन यांच्याकडे वळावे लागले, आणि शब्दाच्या आगेमागे मोकळी जागा राहू लागली. ती मोकळी जागा खळ्यांच्या स्वभावाला मानवणारी होती.

‘शुक्रतारा’ हे पाडगावकरांचे गीत १९६२ साली मुंबई केंद्रावर झाले. त्या गाण्याभोवती जमलेली माणसे कोण होती ती पाहा. कवी वेंगुर्ल्याचा. संगीतकार बडोद्यात वाढलेला. गायक अरुण दाते इंदूरचे; उर्दू गझल गाणारे, मराठी गायला प्रथम कचरणारे. सहगायिका सुधा मल्होत्रा, म्हणजे मराठी घरातल्याच नव्हेत. या अरुण दात्यांना लहानपणी गाण्याचे धडे कोणी दिले? कुमार गंधर्वांनी. आणि कुमारांचा जन्म, ८ एप्रिल १९२४ चा, इथून हाकेच्या अंतरावरच्या सुळेभावीचा, कन्नड घरातला. मराठी भावगीतातले कदाचित सर्वांत लोकप्रिय युगुलगीत असे दूरदूरच्या माणसांनी उभे केले. मराठी भाषा पुण्याच्या पेठांत पिकते आणि इतरत्र पाठवली जाते, असे मानणाऱ्यांना मी हे गाणे ऐकवतो. माझ्या उच्चारात बेळगावी हेल आहे म्हणून एका विद्वानांच्या परिषदेत माझी थोडी चेष्टा झाली होती. त्या रात्री खोलीवर परतून मी हेच गाणे लावले होते.

आता अभंगांकडे येतो. माझा खरा विषय तोच आहे, आणि प्राध्यापकी सवयीने थोडे फळ्यावर लिहिल्यासारखे बोलावे लागेल.

अभंगाचे दोन प्रकार आपण शाळेत शिकलो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. मोठ्या अभंगात चार चरण : पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात फक्त चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. विचार करा, तीन पावले सारखी टाकायची आणि चौथे अर्ध्यावर थांबवायचे. हा चौथा चरण अपुरा नाही, तो मुद्दाम आखूड आहे. तिथे वारकरी श्वास घेतो, टाळ खाली येतो, मागचे टाळकरी ओळ उचलतात. सामुदायिक भजनात त्या रिकाम्या दोन अक्षरांची जागा समुदाय भरून काढतो. पण आकाशवाणीच्या खोलीत समुदाय नाही. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक, अलीकडे एकटा गायक. आणि ऐकणाराही कुठेतरी स्वयंपाकघरात, दुकानात, पडवीत एकटा. मग त्या चार अक्षरांचे काय करायचे? अभंगाला चाल लावणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो, त्याला ठाऊक असो वा नसो. पुष्कळ जण ती चार अक्षरे ताणून सहा करतात, किंवा उरलेली जागा वाद्यांनी बुजवतात.

लताबाईंच्या आवाजातली ‘अभंग तुकयाचे’ ही खळ्यांची ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होती. त्यातला भेटीची आस सांगणारा अभंग घ्या. तुकोबांनी त्यात विरहाचे तीन दाखले दिले आहेत. पुनवेच्या चंद्रासाठी झुरणारा चकोर. आईवाचून रडणारे भुकेले बाळ. आणि या दोहोंच्या मधे, दिवाळीला माहेरच्या मुळाची वाट पाहणारी सासुरवाशीण. शहरातल्या वर्गात मी हा अभंग शिकवला तेव्हा ‘मूळ’ शब्दाला पोरे अडत. कोणी झाडाचे मूळ म्हणे, कोणी मूळव्याधीवर विनोद करी. आपल्याकडे त्याचा अर्थ सांगावा लागत नसे. मूळ म्हणजे लेकीला न्यायला आलेले माहेरचे माणूस, मुऱ्हाळी.

माझी आत्या चंदगड तालुक्यात दिलेली. तिचे लग्न झाले तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. १९५६ मध्ये ते कोल्हापूर जिल्ह्यात गेले. आत्या त्याच घरात, त्याच चुलीपुढे; जिल्हा बदलला आणि माहेर दुसऱ्या राज्यात गेले. दर दिवाळीला माझे वडील तिला आणायला जात. एका वर्षी पावसाने रस्ते धरले, घरात आजारपण निघाले, आणि ते जाऊ शकले नाहीत. पत्रही वेळेवर पोचले नाही. पुढे कधीतरी आत्या सांगत होती की, चार दिवस ती पाण्याच्या निमित्ताने दहा वेळा वेशीपर्यंत जाऊन आली. कोणाला दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. पुष्कळ वर्षांनी हा अभंग तिच्या घरी रेडिओवर लागला तेव्हा मी तिथे होतो. तुकोबांची ती लेक आली आणि आत्याने तांदूळ निवडायचे थांबवून सूप खाली ठेवले. ती डोळ्यांना पदर वगैरे लावणारी बाई नव्हती. गाणे संपेपर्यंत नुसती बसून राहिली. मग म्हणाली, ‘बाई बरोबर म्हणाली.’ तिला लताबाई ठाऊक होत्या, तुकोबा ठाऊक होते. शब्द तिच्यापर्यंत अखंड कोणी पोचवला, त्याचे नाव तिला माहीत असण्याचे कारण नव्हते.

त्या अभंगाच्या चालीत वाट पाहण्याचा शब्द नेमका चार अक्षरांच्या चरणात येतो. ऐकताना मला नेहमी असे वाटते की, खळ्यांनी ती जागा बुजवली नाही. तिथे सूर थांबतो आणि काही क्षण कोणीच येत नाही. समुदायाने भरायची पोकळी त्यांनी पोकळीच ठेवली, आणि ती वाट पाहणाऱ्याची झाली. छंदःशास्त्राच्या पुस्तकात जे मी वर्षानुवर्षे शिकवले ते मला या चालीने उशिरा समजावले. विद्यापीठाच्या एका अभ्यासमंडळात मी एकदा सुचवले होते की, अभंगाच्या छंदाचा अभ्यास करताना त्याच्या चालीही विद्यार्थ्यांना ऐकवाव्यात. ‘मग परीक्षेत गायला लावायचे का?’ असे एकाने विचारले आणि सर्व हसले. सूचना तिथेच संपली. आज ती पुन्हा मांडतो. इथे कोणी हसणार नाही अशी खात्री आहे.

भीमसेनजींच्या आवाजातही खळ्यांच्या चाली आहेत. सावळ्या सुंदर रूपाचे वर्णन करणारा तुकोबांचा अभंग त्यांतला. भीमसेनजी गदगचे, मातृभाषा कन्नड. त्यांनी मराठीत संतवाणी गायली आणि कन्नडमध्ये पुरंदरदासांची पदे. आपल्या भागात सकाळी एका घरातून एक आणि शेजारून दुसरे ऐकू येई, आणि कोणाला त्यात विशेष वाटत नसे. (विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटल्याचा दाखला आता मी द्यावा अशी काहींची अपेक्षा दिसते. तो आपल्याकडे प्रत्येक सभेत दिला जातो, म्हणून आज त्याला विश्रांती देऊ.) पुढे १९८५ मध्ये पंडित नरेंद्र शर्मांच्या हिंदी रचनांवर भीमसेन आणि लता या दोघांना एकत्र आणून खळ्यांनी ‘राम श्याम गुणगान’ केले. तो वेगळा विषय आहे आणि हिंदी भजनांविषयी अधिकाराने बोलण्याची माझी तयारी नाही.

हा माणूस केवळ सोवळ्यातला होता असे मात्र समजू नका. सुलोचनाबाई चव्हाणांची ‘कळीदार कपुरी पान’ ही बैठकीची लावणीही खळ्यांची. कवी पुन्हा राजा बढेच. आचार्य अत्र्यांच्या ‘पाणिग्रहण’ नाटकाला त्यांनी संगीत दिले. डॉ. वसंतराव देशपांड्यांसारख्या बंडखोर गळ्याकडून त्यांनी वा. रा. कांतांच्या कविता इतक्या हळुवारपणे गाऊन घेतल्या की, तानेचा मोह त्या गळ्याने कसा आवरला याचे नवल वाटते. लताबाईंच्या श्रावणातल्या पावसाच्या गाण्यात तर कडव्याकडव्याला चाल बदलते; कवितेत प्रत्येक कडव्याचे चित्र निराळे आहे, मग सूर एकच का, असा त्यामागचा सरळ हिशेब. या चाली कानाला सोप्या आणि गळ्याला अवघड. गाणारे तालाच्या कोणत्या मात्रेवरून उठायचे तिथेच चुकतात. कोल्हापूरचे सुरेश वाडकर आणि शंकर महादेवन यांच्यासारखे गायक ज्यांना खळेकाका म्हणत आणि ज्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसत, ते काही केवळ वयाचा मान ठेवण्यासाठी नव्हे.

आता एक आक्षेप. तो आपल्याच गावच्या एका वयोवृद्ध बुवांनी मला ऐकवला होता. ते म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या त्या रेकॉर्डींनी आमची भजने बसवली.’ बसवली म्हणजे खाली बसवली. पूर्वी एकादशीला चाळीस माणसे गात होती. पुढे देवळाच्या शिखरावर कर्णा आला, लताबाई गाऊ लागल्या आणि चाळीस माणसे ऐकू लागली. तरुण मुले पारंपरिक चाली सोडून रेकॉर्डवरच्या चाली घेऊ लागली. त्या त्यांना पेलेनात. मग ना ती चाल, ना ही. मी त्यांच्याशी वाद घातला होता. आज वाटते की, बुवांचे म्हणणे अर्धे खरे होते. खळ्यांची चाल ही एकट्याने म्हणायची, एकट्याने ऐकायची आहे. ती दिंडीत चालत नाही. तो चालीचा दोष नव्हे, आणि कर्णा खळ्यांनी लावला नव्हता. पण एका माणसाच्या अंतःकरणातला तुकोबा आपल्याला अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागला, तेव्हा चाळीस जणांच्या तोंडचा तुकोबा थोडा मंदावला, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. बुवांचे मंडळ पुढे बंद पडले. त्यांची मृदंगाची थाप ज्यांनी ऐकली आहे असे चारपाच जण तरी आज इथे बसलेले मला दिसतात.

१९६८ मध्ये खळे एच. एम. व्ही. या ध्वनिमुद्रिका कंपनीत गेले आणि तिथेही त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांची कामाची पद्धत मात्र आकाशवाणीचीच राहिली. कविता हाती आली की ती ठेवायची, वाचायची, वाट पाहायची. संख्येने त्यांची गाणी समकालीनांहून कमी भरतील. २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा वय चौऱ्याऐंशीच्या घरात होते. २ सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. १९२६ ते २०२६ असा शंभर वर्षांचा हिशेब पुरा होतो, म्हणूनही यंदा हा विषय घ्यावासा वाटला.

गुरुजींचा तो रेडिओ त्यांच्या घरच्यांनी शाळेला दिला आहे आणि तो आज कार्यालयातल्या कपाटावर आहे. मघाशी मी जाऊन पाहिला. व्हॉल्व्ह गेले आहेत, जाळीचे कापड फाटले आहे. काचेवरची पुण्याची खूण पुसली गेली आहे, मुंबईची अजून दिसते.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर आठवीच्या मुली तोच भेटीचा अभंग म्हणणार आहेत. त्यांच्या बाईंनी पेटीवर तो बसवून घेतला आहे, हे फार चांगले झाले. मुलींनो, एवढेच करा : पेटी जरा हळू ठेवा, आणि शेवटच्या चरणाची चार अक्षरे म्हणून झाली की लगेच पुढची ओळ उचलू नका. मनात दोन मोजा. मी खाली येऊन सतरंजीवर बसतो, आणि आज पाटीऐवजी ही वही आहे, तिच्यात माझी ओळ लिहून घेतो.